सीमेपलीकडची खोली आणि तिचा हिशेब

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. ज्यांना घर बांधायचे नसून नुसते भाड्याने घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी अशी म्हण कोणी केलेली दिसत नाही. खोली भाड्याने घेणे ही फार सोपी गोष्ट आहे, असा आपला समज असावा. दरवर्षी परीक्षा संपल्या, निकाल लागले, की शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी या भागांतील कितीतरी मुलेमुली नोकरीसाठी वा पुढील शिक्षणासाठी पुण्याला, कोल्हापूरला, गोव्याला निघतात. त्यांना निरोप देणारा प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो, "तिकडे भाडे किती?" उत्तर ऐकून कोणी हळहळतो, तर कोणी म्हणतो, "पगारही तसाच असेल की!" एवढ्यावर विषय संपतो.

हा प्रश्न अपुरा आहे, हे या लेखाचे म्हणणे आहे. शेजारच्या राज्यात राहायला जाताना भाडे बदलते हे खरे. पण भाड्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, बदलतात त्या तीन गोष्टी म्हणजे पहिल्या दिवशी रोख मोजावी लागणारी रक्कम, घराचे कागद आणि मागे सोडून जावे लागणारे हक्क. या तिहींचा भार भाड्यात दिसत नाही. आणि ज्याच्या हाती रोकड कमी, त्याच्यावरच तो सर्वांत जड पडतो.

हा विषय केवळ मराठी विभागाच्या वाचकांचा आहे असे नाही. या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारे निपाणी, चिकोडी, अथणीकडचे मित्रही मिरज, सांगली, कोल्हापूर येथे खोल्या शोधतात. उलट दिशेने जत, अक्कलकोट, सोलापूरकडील कन्नड भाषक कुटुंबे विजापूर, कलबुर्गीकडे जातात. सीमा दोन्ही बाजूंनी ओलांडली जाते आणि ओलांडणाऱ्याची भाषा कोणतीही असली, तरी घरमालकाच्या दारात त्याची अडचण एकच असते.

प्रथम थोडा मागचा इतिहास पाहू. १९५६ पूर्वी बेळगाव आणि पुणे ही दोन्ही शहरे एकाच मुंबई राज्यात होती व घरभाड्याचा कायदा करणारे विधिमंडळही एकच होते. मुंबई राज्याचा भाडेनियंत्रण कायदा १९४७ चा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि १९६१ साली त्या राज्याने स्वतःचा भाडेनियंत्रण कायदा केला. पुढे दोन्ही राज्यांनी आपापले जुने कायदे बदलले. महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून, तर कर्नाटकाचा १९९९ चा कायदा ३१ डिसेंबर २००१ पासून अमलात आला. दोन्ही कायद्यांचे साल एकच, पण आतील मजकूर निराळा. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला जाणारा मनुष्य नकळत एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात जातो, आणि हे त्याला कोणी सांगत नाही.

आता भाड्याकडे वळू. बेळगावातील मध्यमवर्गीय वा कष्टकरी कुटुंबाचे बहुधा स्वतःचे घर असते. जुने असेल, अडचणीचे असेल, भावाभावांत वाटलेले असेल. पण ते आपले असते. परसात आड असेल तर पाण्याची चिंताही कमी. या घरात वाढलेल्या मुलाने दर महिन्याला छपरासाठी पैसे मोजण्याचा अनुभव घेतलेलाच नसतो. घराची किंमत शून्य, असे त्याच्या मनात बसलेले असते. तो पुण्याला जातो तेव्हा भाडे दुप्पट होते की तिप्पट, हा प्रश्नच गैरलागू आहे. त्याच्या दृष्टीने ते शून्यावरून सुरू होते. शिवाय हडपसर, वाघोली वा हिंजवडीकडे नव्या इमारतींत खोली घेतली, तर भाड्याच्या जोडीला सोसायटीची देखभाल वर्गणी येते. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरचा खर्चही येतो, आणि तो भाड्यात धरला आहे की वेगळा द्यायचा आहे, हे आधीच विचारून घ्यावे लागते.

पहिल्या दिवसाच्या रकमेचा हिशेब आपण प्रत्यक्ष मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपापले आकडे घालून पाहावेत. समजा, पुण्यात तीन मित्रांनी मिळून महिना १५,००० रुपये भाड्याची सदनिका घेतली. घरमालकाने तीन महिन्यांची अनामत, म्हणजे आपल्या बोलीतील डिपॉझिट, मागितली. ते झाले ४५,०००. घर दाखवणाऱ्या एजंटने एक महिन्याचे भाडे घेतले, ते १५,०००. करार नोंदवण्याची फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. त्यावरील मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात करारकाळातील एकूण भाडे अधिक अनामतीवरील दहा टक्के दराचे मानीव व्याज यांच्या पाव टक्का असते. अकरा महिन्यांच्या करारावर ते सुमारे ४२३ रुपये येते. ही सारी बेरीज ६१,४२३ रुपये. यात पहिल्या महिन्याचे १५,००० आगाऊ भाडे मिळवले की ७६,४२३ रुपये झाले. म्हणजे "भाडे पंधरा हजार" या तीन शब्दांचा पहिल्या दिवशीचा अर्थ पाच महिन्यांच्या भाड्याहून अधिक होतो. त्यात सामानाचा टेंपो, गादी, बादली, शेगडी, सिलिंडर यांपैकी काहीही धरलेले नाही.

ही रक्कम तिघांत वाटली तर प्रत्येकी सुमारे २५,५०० रुपये येतात. कोणी म्हणेल, एवढे पैसे घरातून मिळतील. ज्याच्या घरी मिळतात त्याचा प्रश्न सुटतो. परंतु ज्याचे वडील मागावर बसतात, ज्याची आई घरोघरी पोळ्या करते वा शिवणकाम करते, त्याच्या घरी हे पैसे पतसंस्थेच्या कर्जातून किंवा आईच्या गळ्यातील सोन्यातून येतात. पगार महिना संपल्यावर मिळतो, अनामत मात्र आधी द्यावी लागते. या दोहोंमधील तीस दिवस पार करता आले नाहीत म्हणून हाती आलेली नोकरी सोडणे भाग पडू शकते. नोकरी मिळण्यासाठी गुण लागतात, हे आपण वर्गात शिकतो. नोकरीवर हजर होण्यासाठी रोकड लागते, हे मात्र कोणताच विषय शिकवत नाही.

"पण पगार जास्त मिळतो ना?" हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचाही हिशेब व्हायला हवा. समजा, बेळगावात १५,००० मिळत होते आणि पुण्यात २८,००० मिळतात. फरक १३,००० चा. त्यातून भाड्याचा वाटा ५,०००, खाणावळीचे व नाश्त्याचे ४,५००, जाण्यायेण्याचे १,५०० आणि सुट्टीला गावी येण्याचे १,००० वजा करा. उरले १,०००. सुरुवातीला आगाऊ भाड्याखेरीज जे २०,४७४ रुपये प्रत्येकाने घातले, ते या शिलकीतून उभे करायला वीस महिन्यांहून अधिक लागतील. त्यातील अनामतीचे १५,००० घर सोडताना परत मिळायला हवेत, हे खरे. परंतु अकरा महिन्यांनी करार संपतो, पाच ते दहा टक्के भाडेवाढ मागितली जाते, नव्या कराराची फी पुन्हा लागते आणि घर बदलावे लागले तर एजंटचे पैसेही पुन्हा द्यावे लागतात.

याचा अर्थ कोणी जाऊ नये असा नाही. मोठ्या शहरात काम शिकायला मिळते, पगार वाढतो, ओळखी होतात. त्या लाभाचे मोल एका वर्षाच्या शिलकीत मोजता येत नाही. जावे, जरूर जावे. मात्र पहिली दोन वर्षे शिल्लक पडेल अशा भरवशावर घरच्यांना शब्द देऊन जाऊ नये, एवढेच सांगणे.

दुसरी गोष्ट कागदांची. आपल्याकडे भाडेकरार बहुधा मुद्रांक कागदावर लिहून, नोटरीचा शिक्का घेऊन पुरा होतो. मुदत अकरा महिने. अकराच का, तर एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीचे आहे, आणि अकरा महिने लिहिले की ती सक्ती टळते. हीच सवय घेऊन आपण महाराष्ट्रात जातो. तेथे मात्र १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच असला पाहिजे, मग मुदत कितीही असो. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे आणि ती टाळली तर शिक्षेचीही तरतूद आहे. एवढेच नव्हे, तर नोंदवलेला करार नसताना वाद निर्माण झाला, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. कायद्याने भाडेकरूच्या हाती एवढे दिलेले आहे. पण भाडेकरूला ते ठाऊक नसते. "नोंदणी कशाला, उगाच खर्च," असे घरमालक म्हणाला की तो मान डोलावतो आणि हजार रुपये वाचल्याचा आनंद मानतो.

हे हजार रुपये वाचवणे महागात पडते. बँकेत खाते उघडणे, आधारवरील पत्ता बदलणे, गॅसची जोडणी घेणे, या प्रत्येक ठिकाणी राहत्या घराचा पुरावा मागतात आणि नोंदवलेला करार हा त्यांतील भक्कम पुरावा होय. परराज्यातून आलेल्याजवळ दुसरा पुरावा असतो तरी कोणता? तेव्हा करार नोंदवून घेणे हा खर्च न समजता भाड्याचाच एक भाग समजावा. महाराष्ट्रात ही नोंदणी आता संगणकावरून, आधार क्रमांक व अंगठ्याच्या ठशाने होते. त्यासाठी कचेरीत दिवस घालवावा लागतो असेही नाही.

दुचाकी घेऊन जाणाऱ्यांनी आणखी एक कागद ध्यानात ठेवावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असेल, तर तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे तेथील कर भरणे आले आणि येथे भरलेल्या कराचा परतावा मागत फिरणेही आले. ज्याची खोली कामाच्या ठिकाणापासून लांब आहे, त्याच्या दृष्टीने हा राहण्याचाच खर्च नव्हे काय?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. सगळा दोष राज्याच्या सीमेला देऊन चालणार नाही. बेळगावचा विद्यार्थी बेंगळुरूला गेला तर तो आपल्याच राज्यात राहतो. त्याची शिधापत्रिका, त्याचा वाहन क्रमांक, त्याचे दाखले, सारे जसेच्या तसे चालते. परंतु बेंगळुरूत दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची जुनी रीत आहे. अलीकडे काही ठिकाणी ती पाच-सहा महिन्यांवर आली असली, तरी पंधरा हजारांच्या सदनिकेला जुन्या रीतीप्रमाणे दीड लाख रुपये आधी मोजावे लागतात. शिवाय घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली एक महिन्याचे भाडे कापून घेण्याचाही तेथे प्रघात आहे. पुणे भाषेने जवळ पण कागदाने परके. बेंगळुरू कागदाने आपले पण अनामतीने दूर. सीमाभागातल्या मुलाला दोन्हीकडे काहीतरी मोजावेच लागते. कोठे काय मोजावे लागेल, हे त्याला आधी कळले पाहिजे.

गोव्याचे गणित याहून निराळे. चोर्ल्याच्या घाटाने पणजी पुण्यापेक्षा कितीतरी जवळ. शनिवारी संध्याकाळी निघून घरी जेवायला येता येते. त्यामुळे वेर्ण्याच्या कारखान्यांत, म्हापसा-पर्वरीच्या दुकानांत, किनाऱ्यावरील हॉटेलांत आपल्या भागातील पुष्कळ मंडळी काम करतात. परंतु गोव्यात भाडेकरूची स्पर्धा दुसऱ्या भाडेकरूशी नसून पर्यटकाशी असते. जी खोली दिवसाच्या दराने पाहुण्याला देता येते, ती महिन्याच्या दराने कामगाराला कोण देईल? किनारपट्टीत काही घरमालक अकरा महिन्यांऐवजी पावसाळ्यापुरतीच खोली देतात आणि हंगाम सुरू होताच ती मोकळी करून मागतात. म्हणून गोव्यात भाडे विचारताना मुदत आधी विचारावी. भाडेकरूंची माहिती पोलिसांकडे देणे सक्तीचे करणारा कायदाही गोव्याने २०२४ साली केला आहे. तेव्हा ओळखपत्रे व कामाच्या ठिकाणचे पत्र बरोबर असलेले बरे.

तिसरी गोष्ट हक्कांची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. गेल्या काही वर्षांत दोन्ही राज्यांनी कुटुंबाला थेट मदत करणाऱ्या योजना काढल्या आहेत. कर्नाटकात २०२३ साली सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत घरगुती वापराची वीज २०० युनिटांच्या मर्यादेत, सरासरी वापराच्या हिशेबाने, विनामूल्य मिळते आणि भाडेकरूलाही तिचा लाभ घेता येतो. त्याच वर्षीच्या गृहलक्ष्मी योजनेत कुटुंबप्रमुख स्त्रीला महिना २,००० रुपये, तर शक्ती योजनेत राज्यातील स्त्रियांना सरकारी बसचा मोफत प्रवास. महाराष्ट्राने मार्च २०२३ पासून एस. टी. च्या तिकिटात स्त्रियांना निम्मी सवलत दिली आणि २०२४ साली लाडकी बहीण योजनेत पात्र स्त्रियांना महिना १,५०० रुपये देण्यास प्रारंभ केला.

या योजना चांगल्या की वाईट, हा वाद येथे नाही. प्रश्न असा, की बेळगावचे एक कुटुंब बिऱ्हाड उचलून पुण्याला गेले तर काय होते? गृहलक्ष्मीचे वर्षाचे २४,००० रुपये बंद होतात. विनामूल्य वीज जाते व महावितरणचे बिल सुरू होते. आणि लाडकी बहीणसाठी महाराष्ट्राच्या रहिवासाचा पुरावा लागत असल्याने तो लाभ लगेच मिळत नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालील केंद्राचे धान्य 'एक देश, एक शिधापत्रिका' या व्यवस्थेमुळे दुसऱ्या राज्यातही घेता येते; राज्याने स्वतःच्या तिजोरीतून वर दिलेला वाटा मात्र मागेच राहतो. वर्षाला चोवीस हजार म्हणजे महिना दोन हजारांनी भाडे वाढण्यासारखेच आहे. पण भाडे विचारताना हे कोणी मोजत नाही.

याचा परिणाम काय होतो, तो आपण आपल्या गल्लीतच पाहू शकतो. मुलगा एकटा जातो. आई-वडील येथेच राहतात, कारण येथे घर आहे, शिधापत्रिका आहे, औषधपाण्याची ओळखीची सोय आहे. मुलाचे लग्न झाले तरी काही काळ दोन चुली चालतात, एक तेथे आणि एक येथे. कुटुंब फुटले असे कोणी म्हणत नाही. "तिकडे घर परवडत नाही," एवढेच म्हणतात. परंतु म्हातारपणी आजारी पडलेल्या आईला दवाखान्यात नेण्यासाठी शेजाऱ्याला हाक मारावी लागते, तेव्हा या न परवडण्याची खरी किंमत कळते. ती कोणत्याही करारात लिहिलेली नसते.

घर विकत घेणाऱ्यांविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण चार-पाच वर्षे भाडे भरल्यावर प्रत्येकाच्या मनात तो विचार येतो. पुष्कळांचा समज असा, की महाराष्ट्रात सरकारी शुल्क फार आणि कर्नाटकात कमी. प्रत्यक्ष मांडून पाहा. ५० लाखांची सदनिका पुणे शहरात घेतली तर मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्थेचा व मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. नोंदणी फी १ टक्का, पण तिला ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा. एकूण ३,८०,०००. तीच किंमत कर्नाटकातील शहरात धरली तर ५ टक्के मुद्रांक शुल्क व त्यावरील उपकर-अधिभार मिळून ५.६ टक्के, म्हणजे २,८०,०००. नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ टक्क्यावरून २ टक्के झाली, ते १,००,०००. बेरीज पुन्हा ३,८०,०००! या किमतीला दोन्ही राज्ये रुपयाला रुपया सारखीच आहेत. फरक पडतो तो घर कोणाच्या नावावर आहे यावर. महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे निवासी घर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सूट आहे, म्हणजे येथे ५०,००० रुपयांची बचत. ४५ लाखांपर्यंतच्या नव्या सदनिकेच्या पहिल्या विक्रीला कर्नाटकातही कमी दर लागतो.

मग बेळगावचे घर स्वस्त आणि पुण्याचे महाग का? कारण जमिनीची मूळ किंमत निराळी आहे. पन्नास लाखांत जेवढी जागा येथे मिळते तेवढी तेथे मिळत नाही. शुल्क सरकार ठरवते, किंमत गर्दी ठरवते. म्हणून सीमेपलीकडे घर घेताना शुल्काच्या ऐकीव गोष्टींवर निर्णय न करता, जागेचे क्षेत्रफळ, कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर आणि कर्जाचा हप्ता या तीन गोष्टींवर करावा.

आता करायचे काय? केवळ तक्रार मांडून लेख संपवणे योग्य होणार नाही.

पहिली अपेक्षा सरकारांकडून. केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्यात राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेऊ नये, अशी मर्यादा आहे. परंतु घरभाडे हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय ती लागू होत नाही, आणि निवडक राज्यांनीच तसे पाऊल उचलले. महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांनी निदान ही एक तरतूद आपापल्या कायद्यात आणावी. सीमाप्रश्नावर दोन्ही विधिमंडळांत ठराव होतात. तसा हाही ठराव झाला तर दोन्ही बाजूंच्या तरुणांचे भले होईल आणि त्यात कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही. घरमालकाची बाजूही समजून घ्यावी. भाडे थकवून, वीजबिल बुडवून जाणारे भाडेकरू असतात आणि न्यायालयात वर्षे जातात, म्हणूनच तो मोठी अनामत धरून बसतो. तेव्हा अनामतीला मर्यादा घालताना भाड्याचे तंटे लवकर मिटवण्याची सोयही केली पाहिजे. त्या मसुद्यात तीही आहे.

दुसरी अपेक्षा नोकरी देणाऱ्यांकडून. परगावच्या नव्या माणसाला अनामतीपुरती उचल देऊन ती आठ-दहा हप्त्यांत पगारातून कापून घेणे कारखान्याला अवघड नाही. सण-उत्सवाला उचल देणाऱ्यांनी घरालाही द्यावी. नेमणुकीच्या पत्राबरोबर हे विचारण्यात नव्या उमेदवाराने संकोच करू नये.

तिसरी अपेक्षा आपल्याकडूनच. आपल्या महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी पुणे, कोल्हापूर, गोवा, बेंगळुरू येथे विखुरलेले आहेत. कोणत्या भागात भाडे काय, अनामत किती महिन्यांची, पाण्याची स्थिती कशी, कोणत्या खोलीत जागा होत आहे, याची एक वही ग्रंथालयात ठेवली आणि मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत दर सहा महिन्यांनी नवी माहिती लिहीत गेलो, तर एजंटला द्यावे लागणारे एक महिन्याचे भाडे कितीतरी जणांचे वाचेल. वरील उदाहरणात ते प्रत्येकी पाच हजार रुपये होतात. विद्यार्थी कल्याण निधीतून अनामतीसाठी बिनव्याजी लहान कर्ज देता येईल काय, याचाही विचार व्हावा. परत आलेल्या अनामतीतून ते फिटेल आणि तोच पैसा पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या कामी येईल.

मित्रहो, पुढच्या वर्षी तुमच्यापैकी कितीतरी जण सीमेपलीकडे असतील. निघण्यापूर्वी कागदावर चार रकाने आखा. पहिल्यात महिन्याचे भाडे, दुसऱ्यात पहिल्या दिवशी लागणारी रोकड, तिसऱ्यात करार व इतर कागदांचा खर्च आणि चौथ्यात येथे सोडून जावे लागणारे हक्क लिहा. चारही रकाने भरल्यावर जी बेरीज येईल ती घरी वडीलधाऱ्यांना दाखवा आणि मगच होकार द्या. बेरीज मोठी आली म्हणून खचू नका. ती आधी कळली, एवढ्यानेच अर्धी अडचण दूर होते. आणि उरलेल्या अर्ध्या अडचणीसाठी तुमच्या आधी गेलेल्या एखाद्या मित्राला पत्र लिहा. त्याच्या खोलीत बहुधा एका माणसाची जागा असतेच.